नाथसागराच्या काठावरचा एक रिकामा रविवार

थडीवरचा

मराठवाड्याला समुद्र नाही. तरी आमच्या गावातली म्हातारी माणसं धरणाला धरण म्हणत नाहीत, 'सागर' म्हणतात. "सागराला वारं सुटलं", "सागर आज काळा दिसू ऱ्हायला". मागचा अख्खा रविवार मी या सागराच्या काठी, घरच्या ओसरीवर, काहीही न करता काढला. गेल्या कित्येक वर्षांत असा दिवस मिळाला नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय. शेवटी तुम्हाला एक प्रश्नही आहे.

आमचं गाव पैठण तालुक्यात, जायकवाडीच्या फुगवट्याच्या उत्तर अंगाला. पुनर्वसित गाव, त्यामुळे गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. शेवटच्या गल्लीत शेवटचं घर आमचं, ओसरीचं तोंड दक्षिणेला. धरण काठोकाठ भरलं की पाणी अंगणापासून दोनशे पावलांवर येऊन थांबतं. मधे गवताची उतरती पट्टी, मग पाण्यात कमरेपर्यंत उभ्या असलेल्या बाभळी, आणि त्यापुढे नजरेला अडवणारं काही नाही. शाळेत पोरांना मीच शिकवतो, जलाशय ५५ किलोमीटर लांब, आणि सगळ्यात पसरट जागी २७ किलोमीटर रुंद. पण हवा धुरकट असली की पलीकडचा नगर जिल्ह्याचा काठ दिसत नाही. त्या दिवशी पोरांना आकडा सांगावाच लागत नाही.

कोजागिरी होऊन चार दिवस झालेले. बायको लेकरांना घेऊन माहेरी, जालन्याला गेलेली. घरात मी आणि मोठीआई, म्हणजे माझी आजी. वय पंच्याऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येतं, पण नजर शाबूत आहे.

सकाळी उठल्याबरोबर जाणवलं ते वारं नसणं. जूनपासून पश्चिमेचं वारं पाण्यावरून थेट घरात घुसतं. दारं आपटतात, दोरीवरचे कपडे शेजाऱ्याच्या पत्र्यावर जातात. दसऱ्याच्या आगेमागे हे वारं एके दिवशी पडतं, आणि पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं होतं. त्या सकाळी बाभळीची एकूणएक फांदी पाण्यात उलटी दिसत होती. गावातल्या देवळातली घंटा, कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यातली साखळी, एवढंच ऐकू येत होतं. सोयाबीनची मळणी आटोपल्यामुळे मळणीयंत्राची घरघरही नव्हती.

चहा घेऊन खाली काठावर गेलो आणि उकिडवा बसलो. पाणी जमिनीला टेकतं तिथे एक काळसर रेघ असते. काडीकचरा, जलपर्णीची वाळकी मुळं, थर्माकोलचे दाणे, बारीक शंख. त्या रेघेच्या वर आणखी एक रेघ, तिच्यावर तिसरी. पाणी जिथे जिथे काही दिवस मुक्कामाला होतं तिथे तिथे त्यानं रेघ सोडलेली. शेवटच्या दोन रेघांत चार बोटांचं अंतर होतं. म्हणजे उतार लागला होता. त्या चार बोटांच्या ओल्या गाळावर पक्ष्यांची पावलं उमटलेली, आणि मधूनमधून चोच खुपसल्याची भोकं, ज्वारीच्या दाण्याएवढी. एक धोबी पक्षी शेपटी वरखाली करत माझ्यापासून पाच-सहा हातांवर फिरत होता. मी हललो नाही, तोही उडाला नाही.

नवाच्या सुमारास भोईवाड्यातला ओळखीचा एक जण थर्माकोलच्या चप्पूवरून जाळं काढून आला. हे लोक चप्पूवर मांडी घालून बसतात आणि दोन्ही हातांत ताटलीएवढ्या फळ्या धरून पाणी मागे ढकलत येतात. लांबून बघितलं तर माणूस पाण्यावरच बसून सरकतोय असं वाटतं. त्यानं दीड किलोचा मरळ दिला. दुपारी कालवण आणि ज्वारीची भाकरी. मग ओसरीवर पडून राहिलो. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, अंगणात पाय ठेववत नाही, पण पाण्याकडून येणारी एखादी झुळूक पुरते.

तिथे पडल्यापडल्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि हा धागा खरं तर त्यासाठीच काढलाय. माझा जन्म या पाण्याच्या काठचा. पण पाणी माझ्यासाठी कायम आकडा राहिलंय. जून लागला की नाशकात किती पडला, गंगापूर आणि दारणा किती भरलं, नांदूर मधमेश्वरवरून किती क्युसेक निघालं, आणि आपलं १५२२ फुटांपैकी किती फुटांवर आलं. सकाळी पेपर उघडला की पहिली नजर त्या चौकटीवर. शाळेत शिक्षक भेटले की "नमस्कार"च्या आधी "किती झालं?". पाण्याचा रंग कोणता, त्याला वास कसला, ते बोलतं कसं, यातलं काही मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं काठावर राहून.

चारच्या सुमाराला मोठीआई बाहेर आली. तिचं बाजलं ओसरीवरच असतं, पण तोंड भिंतीकडे. मला कळायला लागल्यापासून ती पाण्याकडे पाठ करूनच बसते. त्याचं कारण आमच्या घरात कुणी विचारत नाही. जुनं गाव खाली आहे.

भुईमुगाच्या ओल्या शेंगा निवडता निवडता तिनं विचारलं, "सकाळधरनं काय पाहू ऱ्हायला?"

म्हटलं, "पाणी."

"कमी झालं का?"

"नाही. नुसतंच पाहतोय."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मान वळवून पाण्याकडे बघितलं, दोन बाभळींच्या मधे बोट केलं आणि म्हणाली, "तिथं आपली चिंच होती." आणि परत शेंगा निवडायला लागली. संध्याकाळी पाणी आधी तांबूस, मग जांभळं झालं. पलीकडे शेवगावच्या बाजूचे दिवे लागेपर्यंत मी तिथेच बसलो होतो.

तर प्रश्न असा. आपापल्या भागातलं तळं असो, नदी असो, धरण असो, टक्के न विचारता तुम्ही त्याच्याकडे कधी बसलात का?


मांजराकाठ

दादा, वाचून गप झालो. मी लातूरचा. आमच्याकडं २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ तारखेला पहिली गाडी, दहा वाघिणींची. तवा मी कॉलेजला होतो. आमच्या घरी भांडी विसळलेलं पाणी बादलीत, बादलीतलं फरशीला, फरशीचं तुळशीला जायचं. ती सवय अजून मोडली नाही. माझी बायको सोलापूरची, ती म्हणते आता नळाला पाणी हाय की. पण हात ऐकत नाही.

म्हणून सांगतो, पाण्याकडं नुसतं बघत बसणं आमच्या माणसाला जमतच नाही. एकदाच बसलो. मांजरा भरलं होतं, मायला घेऊन धनेगावला धरण बघायला गेलो. रविवारच होता. लोकांची जत्रा. माय कडेला पाण्यात उतरली, ओंजळ भरून घेतली, कपाळाला लावली, आणि हात खाली नेऊन ओंजळ परत पाण्यातच सोडली. काठावर थेंब पडू दिला नाही. मी बाजूलाच उभा होतो. त्या दिवशी मी पण टक्के विचारले नाहीत.


नांदेडकर_ताई

किती सुंदर लिहिलंत. डोळ्यापुढे उभं राहिलं. आमच्याकडे विष्णुपुरीचा जलाशय आहे, पण आम्ही तिकडे पाहुणे आले की जातो. मरळाचं कालवण कसं करता तेही लिहा ना, आमच्याकडची पद्धत वेगळी आहे.


टेलवाला

धागा चांगला आहे, पण मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका.

मी परभणी जिल्ह्यातला, डाव्या कालव्याच्या शेपटाकडचा. पैठणहून निघालेला हा कालवा २०८ किलोमीटर लांब. तुमच्या अंगणासमोरचं पाणी माझ्या शेतात यायला वरच्या सगळ्यांच्या हातून सुटून यावं लागतं. ते आलं तर माझा गहू, नाही आलं तर हरभरा, तोही जमिनीत ओल असली तर. १५ ऑक्टोबर ही तारीख तुम्हाला शरदातली एक तारीख असेल. आम्हाला ती निकालाची तारीख. त्या दिवशी धरणात उपयुक्त साठा किती यावरून वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही ते ठरतं. ६५ टक्क्यांची ती रेघ २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालातली. त्या आकड्यासाठी लोक कोर्टात गेले, रस्त्यावर बसले. आकडा विसरून बघा असं तुम्ही म्हणता तेव्हा मला वाटतं, काठावरच्याला ते परवडतं. तुमच्या डोळ्यापुढचं पाणी ही माझी पाळी आहे.


थडीवरचा

टेलवाला, राग कसला. तुमचं बरोबर आहे. आणि मी आकडा विसरा असं म्हणत नाही, मलाही तो विसरता येणार नाही. धरण तळाला गेलं की आमच्या गावालाही टँकर लागतो, सागराच्या काठी. पाणी मैलभर आत सरकतं, मधे नुसता भेगाळलेला गाळ. तेव्हा आम्ही गाळपेर करतो. पाणी जसजसं मागे सरकतं तसतसं त्याच्यामागे पेरत जायचं, गहू, हरभरा, काकडी, टरबूज. नांगर लागत नाही, खत लागत नाही. पण पाणी कधी किती उतरणार याचा अंदाज चुकला की पीक गेलं. म्हणजे आकडा आम्हालाही पोटासाठीच लागतो.

एवढंच की चाळीस वर्षांत एक दिवस मी पाण्याला काही मागितलं नाही. त्या दिवशी ते वेगळं दिसलं.

ताई, मरळ आधी राखेत घोळवायचा, नाहीतर बुळबुळीत असल्यानं हातात राहत नाही. राखेनं चोळून धुतला की हिरवट काळी कातडी स्वच्छ होते. तुकडे करून हळद-मीठ लावून ठेवायचे. कांदा आणि सुकं खोबरं थेट विस्तवावर भाजायचं, लसूण-आलं घालून पाट्यावर वाटायचं. फोडणीत वाटण तेल सुटेपर्यंत परतलं की दोन चमचे येसर. घरात येसर असताना दुसरा मसाला लागत नाही, आणि रस्सा त्यानं आपोआप दाट होतो. पाणी उकळल्यावरच तुकडे सोडायचे आणि नंतर डाव घालायचा नाही, पातेलं कापडानं धरून फिरवायचं. मरळाला काटा कमी, म्हणून मोठीआईलाही खाता येतो.


पक्षीवेडा

धोबी दिसला म्हणता म्हणजे हिवाळी पाहुणे उतरायला लागले! हा छोटासा पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून येतो. तारांवर माळभिंगऱ्या ओळीनं बसलेल्या दिसतात का बघा, त्याही याच सुमाराला येतात. मग चक्रवाक, नारिंगी-बदामी रंगाची जोडी, आवाज कर्ण्यासारखा. थापट्या, तलवार बदकं त्यांच्या मागोमाग. थंडी पडली की हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, आणि नशीब असेल तर रोहित.

आपल्याकडे फार लोकांना ठाऊक नसतं की हा सगळा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, १९८६ पासून, सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. पाणी उथळ आणि काठ सपाट, हेच याचं कारण. डोंगरातल्या धरणाचा काठ उभा असतो, तिथे पाणी दोन फूट उतरलं तरी काठ दोन फूटच उघडा पडतो. नाथसागराला दोन फूट उतरलं की कित्येक एकर ओला गाळ मोकळा होतो, आणि त्या गाळात किडे, गोगलगाई, शेवाळ. तुम्ही जी भोकं बघितली ती तुतवारांची असावीत, ते गाळात चोच खुपसून खातात. म्हणजे टेलवाला यांची पाळी सुटते तेव्हा पक्ष्यांचंही ताट वाढलं जातं. मी दर हिवाळ्यात सोनेवाडी, पिंपळवाडीकडे येतो, पण घरच्या ओसरीवरून बघायला मिळणं हे भाग्य आहे.

एक विनंती. तुमच्या बाभळींच्या आसपास हळदीकुंकू बदक आहे का बघाल? काळी चोच, टोकाला हळदीसारखं पिवळं, आणि कपाळापाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके. ते पाहुणं नाही, बारा महिने इथलंच.


सासर_गुहागर

मी मूळची सेलूची. लग्न होऊन गुहागरला आले त्याला आता सोळा वर्षं होतील. खऱ्या समुद्राकाठचा शरदातला रविवार कसा असतो ते सांगते.

आमचं घर आणि पुळण यांच्यामधे फक्त नारळी-पोफळीची वाडी आणि सुरूचं बन. पावसाळाभर लाट अशी आपटत असते की भांड्यांच्या मांडणीवरचे पेले किणकिणतात. मग आश्विनात एक दिवस समुद्र खाली बसतो. रंग गढूळ तपकिरीचा निळा-हिरवा होतो. होड्या ऑगस्टपासूनच सुटलेल्या असतात, पण बांगडा आता खरा स्वस्त होतो. रविवारी सकाळी दारोदार टोपली फिरते, दुपारी सगळा गाव झोपतो, आणि ऊन कललं की बायका वाडीतल्या वाटेनं पुळणीवर जातात. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कुठल्या रविवारी चालायला वाळू मिळेल आणि कुठल्या रविवारी पाणी बनाला लागलेलं असेल हे सासूबाई तिथीवरून सांगतात.

पण तुमचं वाचून एक लक्षात आलं. इथे समुद्राची चौकशी कुणी करत नाही. तो भरून वाहत नाही, आटतही नाही. माझ्या सासरच्या माणसांनी आयुष्यात "समुद्र किती टक्के झाला" असा विचार केला नाही, त्यांना पाण्याकडे बघणं शिकावं लागलं नाही. मला शिकावं लागलं. पहिली दोन वर्षं मी समुद्राकडे बघितलं की मनात यायचं, एवढं सगळं, आणि एक तांब्याही पिता येत नाही.

माझे वडील पहिल्यांदा मुक्कामाला आले तेव्हा रात्री दोनदा उठले आणि मागच्या दारी जाऊन आले. सकाळी यांना म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडं नळ कुठंतरी चालू राहिलाय, रात्रभर पाणी वाया गेलं." तो लाटांचा आवाज होता. आम्ही कुणी हसलो नाही. मला तर रडू आलं.


मांजराकाठ

ताई, तुमच्या वडलांना माझा नमस्कार सांगा.


बाभूळबन

मी गंगापूर तालुक्यातला. आमचंही गाव खाली आहे.

शाळेत शिकवतात की १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. आधीचा बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळचा, धरण झालं पैठणला, नाव मात्र तेच राहिलं. या दोन तारखांच्या मधे शंभरावर गावांतली माणसं गाड्या भरून वर आली. आमच्या आजोबांनी मोबदल्यासाठी कचेरीच्या इतक्या चकरा मारल्या की शेवटी शिपाई त्यांना पाहून आपण होऊन पाणी द्यायचा. मिळालेली जमीन मुरमाड. सोडून आलो ती काळी, हातभर खणलं की ओल लागणारी.

२०१६ च्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा गाव उघडं पडलं. वडील आणि मी मोटारसायकलनं गाळातून गेलो. भिंती नव्हत्या, पण पायाच्या दगडांच्या ओळी तशाच. वडील चालत चालत म्हणाले, "ही गल्ली, हा चौक, इथून आत चल." एका जागी थांबले आणि पायानं गाळ बाजूला केला. खाली उखळ होतं, जमिनीत बसवलेलं दगडी. त्यांनी वाकून आत हात घातला, गाळ काढला, रुमालानं पुसलं. आणायचं का विचारलं तर नाही म्हणाले. पावसाळ्यात पाणी परत आलं.

दादा, तुमच्या मोठ्याआईंनी चिंच सांगितली ना, तेवढ्यावर थांबू नका. चिंचेच्या शेजारी काय होतं, विहीर कुठे, नदीची वाट कुठून, सगळं विचारा आणि कागदावर उतरवून ठेवा. वडील आता नाहीत. उखळ कुणाच्या घरातलं होतं, ते मी त्या दिवशी विचारलंच नाही.


आकाशवेडा_जालना

पाण्याच्या दक्षिणाभिमुख काठावर घर आहे म्हणताय, मग एक गोष्ट आवर्जून करा. या दिवसांत पहाटे पाचच्या जरा आधी उठा आणि सरळ दक्षिणेला बघा. पाण्यापासून फार वर नाही, हात लांब करून मूठ धरली तर दीड-दोन मुठी, तिथे एक मोठा पांढरा तारा लुकलुकताना दिसेल. तो अगस्ती. आकाशातला व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा, पण आपल्याकडून तो कायम दक्षिणेला खालीच दिसतो. घरं, झाडं आडवी येतात म्हणून गावातल्या माणसाला तो सापडत नाही. तुम्हाला आडवं काहीच नाही.

जुन्या लोकांचा समज होता की अगस्तीचा उदय झाला की पाणी निवळतं. कारण पाऊस थांबून गाळ खाली बसण्याचं आहे, पण वेळ बरोबर जुळते.


टेलवाला

बाभूळबन, तुमचं वाचल्यावर काल जेवण गेलं नाही. आम्ही टेलला पाणी येत नाही म्हणून भांडतो, आणि ज्यांच्या घरावरून ते पाणी येतं त्यांचं नाव आमच्या तोंडी कधी येत नाही. माझे वडील कालव्याचं पहिलं पाणी आलं त्या दिवसाची गोष्ट सांगायचे. लोकांनी कालव्यात नारळ सोडले, हळद-कुंकू वाहिलं. ते पाणी कुठल्या गावावरून आलं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी आकड्याचं बोललो ते मागे घेत नाही. पण मलाही एकदा येऊन तुमच्या ओसरीवर बसायचंय. दिवाळी झाल्यावर, चाऱ्यांच्या साफसफाईतून मोकळा झालो की.


थडीवरचा

टेलवाला, नक्की या. पैठणला उतरून फोन करा, घ्यायला येतो. पक्षीवेडा, हळदीकुंकू बदकं दिसली, चार आहेत, बाभळीच्या सावलीत. ठिपके लांबून दिसेनात, शेजारच्या पोराच्या दुर्बिणीतून दिसले.

आता आजचं. आज परत रविवार, उद्या वसुबारस, दुपारी बायको-लेकरं येतील. पहाटे साडेचारला उठलो. चंद्राची बारीक कोर पूर्वेला होती. आणि दक्षिणेला, सांगितलं तिथेच, अगस्ती. पाणी इतकं थांबलेलं होतं की तो खाली पाण्यातही दिसत होता, जरा लांबट होऊन.

मागे काठीचा आवाज आला. मोठीआई उठून आली होती. म्हटलं, बघ, हा अगस्ती. तिनं बघितला, पण तिची नजर वर गेली. तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, माथ्यावरून जरासं कललं होतं. म्हणाली, "तिकांडं माथ्यावर आलं की मी घागर घेऊन निघायची. कलायच्या आत दुसरी खेप."

मी बाभूळबन यांचं ऐकलं आणि विचारलं, "कुठून जायचीस?"

तिनं बाजलं पाण्याकडे फिरवायला लावलं. मग सांगायला लागली. मागच्या दारानं बाहेर, उजव्या हाताला कडब्याची गंज, चिंचेखालून, मारुतीला वळसा, मग दोन शेतं, एक आपलं आणि एक भावकीतलं, की महादेवाचं देऊळ आणि गोदेच्या पायऱ्या. पायऱ्या सतरा, पण पावसाळ्यात नऊच दिसायच्या. भादव्यात पाणी गढूळ असायचं म्हणून रांजणाला आतून निवळीचं बी उगाळायचं. दसऱ्यानंतर निवळी लागायची नाही, सतराव्या पायरीवरचं शेवाळही वरून दिसायचं. शेजारणींची नावं घेतली, कुणाची कळशी पितळेची आणि कुणाची तांब्याची तेही सांगितलं. उजाडेपर्यंत बोलत होती. मी हजेरीवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर काढत गेलो.

चहा झाल्यावर तिला दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, विहीर चुकली, ती चिंचेच्या अलीकडे होती, पलीकडे नाही, आणि मारुतीचं तोंड इकडे नाही, नदीकडे. आणि एवढ्याशा कागदात भावकीची घरं कशी मावायची.

उद्या शाळेतून नकाशाचा मोठा कागद आणतो.